कार्डवाला सोबती

वस्तादांनी गेटच्या खिडकीत परवाना सरकवला आणि ट्रेलर पुढे घ्यायला हात गिअरवर ठेवला. इतकी वर्षं एवढंच पुरत आलं होतं. आज मात्र खिडकीतल्या पहारेकरीण बाईंनी परवाना उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"हा नाही चालायचा. नवीन कार्ड दाखवा."

"अजून आलेलं नाही."

"मग कार्डवाला सोबती आणा. तो तुमच्या शेजारी बसेल आणि बाहेर पडेपर्यंत तुमच्यावरची नजर काढणार नाही. तरच आत."

मागे भोंगे वाजायला लागले. बंदराच्या सुरक्षेसाठी ट्रकवाल्यांनाही कार्ड लागणार, यावरून चहाच्या टपरीवर आधीच बरीच तोंडं वाजून झाली होती. तरुण ड्रायव्हरांना कार्ड हवंच होतं. खलाशाला मिळतं, क्रेनवाल्याला मिळतं, मग आम्हीच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. वस्तादांना ते पटत नव्हतं. या गेटचे लोखंडी खांब त्यांच्याच गाडीतून आले होते, आता तेच खांब त्यांना विचारणार, तू कोण म्हणून. तरी पोटापाण्याचा प्रश्न, म्हणून त्यांनीही अर्ज केला. सगळ्यांची कार्डं आली, त्यांचंच अडलं. त्यांच्या नावावर एक जुनी केस निघाली होती.

कार्डवाला माणूस त्यांच्या ओळखीत होता, पण त्याला बोलावण्यापेक्षा त्यांनी गाडी मागे फिरवणं पत्करलं असतं. त्यांचा जावई बंदरातल्या वजनकाट्यावर कारकून होता. लेकीने स्वतः पसंत केलेला. वस्तादांची तक्रार अशी की पोराला ना व्यसन, ना राग, ना गप्पा. घरी आला की 'येतो', 'बसतो', 'निघतो', एवढ्यात त्याचं संभाषण आटपायचं. "माणूस आहे की काट्याची पावती?" असं ते एकदा लेकीसमोर म्हणाले आणि आठवडाभर तिची बोलणी खात बसले.

त्याच लेकीने सकाळी कार्डापायी उतरलेला बापाचा चेहरा पाहून नवऱ्याला कामाला लावलं होतं. त्यामुळे वस्ताद गाडी मागे घ्यायच्या विचारात असताना काट्याकडून जावई येताना दिसला. गळ्यात कार्ड, हातात डबा. केबिनच्या पायरीवर त्याने आधी चुकीचा पाय ठेवला, उतरला, पुन्हा चढला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"जेवणाची सुट्टी आहे," तो म्हणाला. "लागली तर अजून थोडी मिळेल."

त्या दिवशी दोघांत याहून जास्त बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वस्ताद क्रेनखाली गाडी लावायचे आणि कंटेनर चढेपर्यंत समोर बघत बसायचे. जावई नियमाप्रमाणे त्यांच्याकडे बघत बसायचा. दुपारचं ऊन काचेतून आत यायचं आणि दोघांचेही शर्ट पाठीला चिकटायचे.

मग एकदा वस्ताद लघवीला म्हणून उतरले, तर हा मागोमाग. ते थांबले की हाही थांबे.

"जावईबापू, मी काय बंदर खिशात घालून पळणार आहे?"

"नियम आहे."

"आतपर्यंत येणार?"

जावई मुतारीच्या दारापाशी उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "मी बघत नाहीये. बघतोय असं दिसलं म्हणजे झालं."

वस्तादांना हसू आवरेना. त्या अरुंद जागेत ते इतके हसले की बाहेर जावयालाही ऐकू गेलं, आणि ते आले तेव्हा त्याचेही ओठ जरा हललेले होते.

"माझी केस कशाची आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" हात धुताना त्यांनी विचारलं. "या मुतारीची."

मग परत जाताना त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा इथे ड्रायव्हरला ना पाणी होतं, ना आडोसा. दिवसदिवस रांगेत ताटकळायचं आणि जायचं कुठे? शेवटी सगळ्यांनी मिळून गाड्या गेटसमोर आडव्या लावल्या. पोलीस आले. बाकीचे पांगले, वस्तादांची गाडी नेमकी चालू होईना. म्हणून नाव त्यांचं लागलं. पुढे मुतारी झाली, नळही आला. केस मात्र कुठल्यातरी कपाटात तशीच राहिली. जावई ऐकत होता. केबिनमध्ये चढताना आज त्याचा पाय चुकला नाही.

काही दिवसांनी कार्ड देणाऱ्या कार्यालयातून बोलावणं आलं. साहेबांनी सोबत्यालाही आणायला सांगितलं होतं. ते वाईट नव्हते, सावध होते. गेट अडवणाऱ्या माणसाला गेटचं कार्ड द्यायचं म्हणजे उद्या वरून विचारणा झाली तर सांगायचं काय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. वस्ताद मान खाली घालून उभे होते. भांडायला आले असते तर शब्द सापडले असते, विनवणीची सवय नव्हती. मग साहेबांनी जावयाला विचारलं, हा माणूस आत कसा वागतो?

जावयाने गळ्यातलं कार्ड सरळ केलं.

"साहेब, ती मुतारी मी रोज वापरतो," तो म्हणाला. "तुम्हीही वापरता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बघू म्हणाले.

आठवड्याभरात कार्ड आलं. निरोप मिळताच वस्ताद एकटेच जाऊन घेऊन आले. फोटोत ते कुणाला तरी दम देत असल्यासारखे दिसत होते. कार्ड त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि घरात कुणाला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेटवर रांग नव्हती. सरळ आत जाता आलं असतं. वस्ताद बाजूला गाडी लावून थांबले. जावई नेहमीसारखा डबा घेऊन आला आणि शेजारी बसला. बाईंनी वस्तादांचं नाव मशीनवर घातलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं तर..." त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. ते आरसा नीट करत होते. जावयाकडे पाहिलं. तो समोरच्या काचेवरचा डाग न्याहाळत होता. बाईंनी फाटक उघडलं.

क्रेनखाली त्यांच्यापुढे आणखी गाड्या होत्या. वस्तादांनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. लेक मोठ्याने बोलायची, केबिनभर ऐकू येत होतं. बाबांचं कार्ड आलं का? कार्यालयात चौकशी केली का? रोज जेवणाची सुट्टी त्यांच्यामागे घालवतोस, असं किती दिवस चालणार?

वस्तादांनी मान वळवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"अजून नाही आलं," जावई म्हणाला. "तपासणी चालू आहे. वेळ लागतो अशा कामांना."

त्याने फोन ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. वस्तादांनी पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, रुमालाने पुसली आणि दोघांच्या मधे ठेवली.

"डबा उघड आता," ते म्हणाले. "आणि सावकाश जेव. क्रेनला वेळ आहे."