हौसाबाईंचा काढा

अख्ख्या इस्लामपुरात हौसाबाईंच्या काढ्याइतकं कडू काही नव्हतं. त्याच्या नुसत्या वासानं भिंतीवरच्या पाली शेजाऱ्यांकडं राहायला गेल्या होत्या. मूल व्हावं म्हणून सून सईला तो रोज तांब्याभर प्यावा लागे. दिवाळीपर्यंत दिवस गेले नाहीत तर तिची रवानगी विश्रामबागेत, माहेरी. औषधाला जोर यावा म्हणून सासूनं लेकाला, अवधूतला, वर्षभर आपल्याच खोलीत झोपवलं होतं.

सई काढा गुपचूप म्हशीच्या घमेल्यात ओतायची. ती म्हैस जन्मात कधी गाभण राहिली नव्हती. दसऱ्याला ढोरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पेढे मागितले. सईला वाटलं, आपण सुटलो. तिनं सगळं सांगून टाकलं.

"आवं आत्या, तुमचा काढा म्हशीनं पिला. पण तिला तुमी रेडाबी आनलासा. माज्याकडं ह्यांस्नी एक रात तरी धाडा की!"

"ऐकलंस का रं अवधूत?" हौसाबाई कडाडल्या. "औषधात खोट न्हाई. मुक्या जनावराला गुण आला आन हिनं वतून दिलं. वर लाज सोडून बोलतीया!"

अवधूतनं आईकडं बघत मान डोलावली.

सुनेच्या डोहाळजेवणासाठी आणून ठेवलेली हिरवी साडी त्याच दुपारी म्हशीच्या पाठीवर चढली. सुवासिनी हवी म्हणून ओटी सईकडूनच भरून घेतली आणि मग तिची पिशवी दाराबाहेर ठेवली.

एसटी स्टँडवर सोडायला अवधूत काही आला नाही. पहिलटकरणीला घरात एकटं कसं सोडायचं, म्हणाला.