सतराव्या किलोमीटरवरचे अप्पा

“या विश्वात बंद पडणारी प्रत्येक वस्तू परमेश्वराच्या इच्छेनं बंद पडते आणि त्याच्याच इच्छेनं चालू होते!”

गाडीबाबांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि त्याच क्षणी त्यांचा माइक बंद पडला. बाबांनी तो दोनदा मांडीवर आपटला, कानाला लावून पाहिला आणि शिष्याला म्हणाले, “सेल बदल रे.”

अक्कलकोट रस्त्यावर, वळसंगच्या अलीकडं, चिंचेखालच्या त्यांच्या शेडपुढं रविवारी सकाळी शंभरेक माणसं जमली होती. सगळ्यांचे डोळे एका जुन्या काळ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी चनमल्लप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, गेल्या उन्हाळ्यात वारले आणि गाडी त्यांच्या मुलीकडं, दानेश्वरीकडं आली. ती वळसंगच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज याच गाडीवरून जाते. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. दसरा झाला आणि गाडी रोज या चिंचेखाली येऊन मरू लागली.

बाबांनी पहिल्याच दिवशी निदान केलं: गाडीत अप्पा आहेत. बाबा पूर्वी आटलेल्या म्हशींवर उपचार करत. म्हशीची लाथ खावी लागते, मोटारसायकलला आपण मारतो, एवढाच धंद्यातला फरक.

विधी ठरलेला. बाबा मंत्र म्हणत आणि टाकीचं टोपण उघडत. ‘फुस्स’ असा आवाज होई.

“ऐकलं का? अप्पांचा उसासा!”

बायका डोळ्यांना पदर लावत. बाबा टाकीत तीन फुंकरा घालत, टोपण लावत, त्यावर ओल्या विभूतीचे तीन जाड पट्टे ओढत, आणि तिसऱ्या किकला गाडी निळा धूर सोडत चालू. पेठेतल्या मेकॅनिकनं प्लग तीनदा साफ केला, कार्बोरेटर खोलून धुतला, आणि दर वेळी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत पळवून ‘एकदम ओके’ म्हणून परत दिली. अप्पा गल्लीत त्रास देत नसत.

इथवर गंमत होती. पण आज बाबांनी दानेश्वरीच्या आईला, सिद्धम्मांना बोलावलं होतं. अप्पांचा निरोप असा की, पोरीनं नोकरी सोडावी, गाडी बाबांच्या शेडमध्ये ठेवावी, नाहीतर अमावास्येला घरातलं आणखी एक माणूस जाईल. सिद्धम्मांच्या पिशवीत नारळ, केळी आणि पोरीपुढं रडून लिहून घेतलेला राजीनामा होता. मला साक्षीला आणलं होतं.

“अव्वा, दोन मिनिटं थांब, मग दे राजीनामा,” दानेश्वरी म्हणाली. “बाबा, अप्पा इथंच का थांबतात?”

“माझ्या तपाची ओढ हाय, ताई.”

“संध्याकाळी परत जाताना सोलापूरच्या पाच किलोमीटर अलीकडं, चहाच्या टपरीपुढं थांबतात. तिथं कुणाचं तप?”

“तलफ येत आसंल की!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“तिथं मी वीस मिनिटं बसते आणि गाडी मंत्राशिवाय चालू होते. घरापासून इथवर सतरा किलोमीटर. शाळेपासून टपरीपर्यंतही सतरा.”

चमत्काराला बाबा लागतो, हे मला तेव्हा कळलं. टपरीपुढं बाबा नव्हते, त्यामुळं तिथं तीच गाडी नुसती नादुरुस्त होती.

“अव्वा, पिन आहे?”

“खांद्याचीच हाय.”

“तीच दे.”

सिद्धम्मांनी पिन काढून दिली आणि पदर हातानं धरला. दानेश्वरीनं बाबांची तीर्थाची प्लास्टिकची बाटली उचलून तळाशी भोक पाडलं. झाकण घट्ट होतं. पाणी पडेना. झाकण सैल केलं, धार लागली. घट्ट केलं, थांबली.

“तीर्थ माझं ऐकतंय. चन्नम्मा मावशी, तेलाचा नवा डबा फोडताना भोकं किती पाडता?”

कडेला पेरू विकणाऱ्या चन्नम्मा वैतागल्या. “दोन की! येकातनं तेल येतंय, दुसऱ्यातनं वारं जातंय. ह्ये काय इचारणं झालं?”

“बस्स. टोपणालाही वाऱ्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरतं, मग टाकीच त्याला धरून ठेवते. टोपण उघडलं की फुस्स! उसासा बाहेर येत नाही बाबा, वारं आत जातं.”

“पर भोक बुजवलं कुनी?” चन्नम्मांनी विचारलं.

सगळे टोपणावरचे पांढरे पट्टे बघू लागले. बाबांनी पांढरा झालेला हात पाठीमागं घेतला.

“पयल्यांदा मीच,” सिद्धम्मा हळूच म्हणाल्या. “खंडेनवमीला. ते टाकीला हात लावू द्यायचे न्हाईत. म्हटलं, आता तरी मनासारकी पूजा करावी.”

दानेश्वरीनं टोपण पुसायला फडकं मागितलं. सिद्धम्मांनी पिशवीत हात घातला, क्षणभर थांबल्या आणि राजीनामा काढून दिला.

भोक मोकळं झालं. गाडी चालू झाली. “माझ्या नुसत्या उपस्थितीनं...” बाबा सुरू झाले, तोच पंक्चरवाला ज्ञानबा बाबांना त्यांच्या जुन्या नावानं हाक मारत ओरडला, “दुधनीच्या पेट्रोलपंपावर चार वर्सं टोपणं उघडत होतास की रं बसू! तुला म्हाईत नव्हतं व्हय?” बाबा ध्यानासाठी शेडमध्ये गेले.

“घरापर्यंत जाऊन येते,” दानेश्वरी म्हणाली. “मधे बंद पडली तर राजीनामा पुन्हा लिहीन.”

तो एक तास सिद्धम्मा रस्त्याकडं बघत उभ्या होत्या. मग लांबून ढबढब ऐकू आली. चौतीस किलोमीटर, एकदाही न थांबता.

“म्हंजी ह्ये गाडीत न्हवतेच व्हय?”

“नाही, अव्वा.”

“तरीच! टोपणाला इभूत फासल्यावर ते गप बसले नसते. पेठभर बोंब मारली असती.”

लोकांनी दानेश्वरीच्या हातात माइक दिला. नव्या सेलवर तो चांगला चालत होता.

“कुठलीही वस्तू बंद पडली तर आधी ‘का’ विचारा. लगेच उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, उघडून बघा, मोजून बघा. पण उत्तर मिळेपर्यंत आपल्या पोरीची नोकरी कुणाच्या पायावर ठेवू नका.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्धम्मांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांचा एक हात खांद्यावर होता.

“भाषान झालं आसंल तर पिन दे की, दाने. पदर धरून हात आवघडलाय.”