एकच फेरी

आमच्या हिबारात, क्यूबाच्या या समुद्रकाठच्या गावात, कॉम्प्युटर बिघडतात ते खाऱ्या हवेने, नाहीतर विजेच्या ये-जा करण्याने. माझा भाऊ आर्सेन्यो ते दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांशी बोलते मी, कारण चार शब्द बोलायचे म्हटले की त्याची दातखीळ बसते.

ओनेलिया आपलं मशीन पाववाल्याच्या हातगाडीवर घालून आली तेव्हा मी कॉफी गाळत होते.

"सेनाइदा, भावाला हाक मार. उद्या सकाळी माझी हवानाची बस, तिथून विमान, आणि हा मुडदा सारखा निळा पडदा दाखवून बंद पडतोय!"

ती कायमची उरुग्वेला, मोंतेविदेओत बहिणीकडे चालली होती. तिची पोर लिआनी आदल्या वर्षी डेंग्यूने गेली. आमच्या गल्लीतलं एकही घर त्या दिवशी जेवलं नाही. पोरीला नाद होता, आईचा जुना फोन घेऊन दिवसभर जे दिसेल ते टिपत सुटायची. कोंबड्या, बोटी, शेजाऱ्यांची भांडणं. ते सगळं या मशीनमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"ते पेनड्राइव्हवर घालून दे. मला दुसरं काही न्यायचं नाही," ती म्हणाली.

आर्सेन्योने झाकण उघडलं. "मेमरी असणार," तो म्हणाला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांचे सोनेरी दात खाऱ्या हवेने काळे पडलेले. शाळेतल्या खोडरबराने त्याने ते घासले आणि एकेक पट्टी एकटी बसवून तपासणी लावली. पहिलीने लगेच पडदाभर लाल रेघा ओढल्या. ती त्याने काढून फेकली. दुसरी एका फेरीत पुरती स्वच्छ निघाली.

खरं तर ही तपासणी फेऱ्यांमागून फेऱ्या, मशीन चांगलं तापेपर्यंत चालवायची असते. हे आर्सेन्योला माहीत आहे, मला माहीत आहे, गावातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला माहीत आहे. पण इतका वेळ लाइट राहते कुठे? दुसरी फेरी अर्ध्यावर असताना लाइट जाते आणि सगळं मुळापासून सुरू. म्हणून आमच्याकडे एक फेरी स्वच्छ निघाली की मशीन बरं झालं म्हणायचं.

"अजून एक फेरी घे ना रे," मी म्हटलं.

"लाइट काय तुझ्या पदराला बांधलीय? आता फेरी घ्यायची की हिचं सामान काढायचं, एकच होईल."

तेही खरंच होतं.

पेनड्राइव्ह लहान, म्हणून सगळं दाबून त्याची एक झिप फाइल, म्हणजे एक गाठोडं बांधावं लागलं. वर ओनेलियाला त्याला पासवर्डचं कुलूपही हवं होतं; आर्सेन्योने ठरवलेले आकडे मी वहीत लिहून ठेवले. त्याने सुरुवातीचा एक व्हिडिओ लावून पाहिला. चालला. तेवढ्यावर ओनेलियाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता हे मशीन पार पुसून टाक. दिराला द्यायचंय."

"तू पोचेपर्यंत राहू दे की, ओनेलिया," आर्सेन्यो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

"नको रे बाबा. या गावात एकाच्या डिस्कवरचं आठ दिवसांत सगळ्यांच्या घरी पोचतं. सिनेमे पोचतात तशी माझी पोर घरोघर फिरायला नको. माझ्यासमोर पूस."

चूक म्हणावी तर तीही नव्हती. आम्ही सगळेच पेनड्राइव्ह हातोहात फिरवून जगणारी माणसं. त्याने तिच्यासमोर डिस्क अशी पुसली की कुणाच्या बापालाही परत काही सापडू नये.

ती गेली. काही दिवसांनी तिचा दीर रिगोबेर्तो तेच मशीन घेऊन दारात हजर. "तुझी दुरुस्ती म्हणजे धन्य आहे! जरा तापलं की पुन्हा निळं!"

तेव्हा गावात सणाचे पाहुणे होते आणि पाहुणे असले की सरकार आमची लाइट घालवत नाही. आर्सेन्योने तपासणी लावली. पहिली फेरी स्वच्छ. दुसरीत लाल रेघा सुरू झाल्या त्या थांबेचनात.

मेमरी म्हणजे मशीनचा ओटा. डिस्कवरून जे उचललं ते आधी त्यावर येतं, तिथून पुढे जातं. लिआनीचं सगळं त्याच ओट्यावरून गेलं होतं, मशीन तासभर तापलेलं असताना.

"फोन कर तिला," मी म्हटलं.

"कदाचित काही झालंही नसेल."

"कर फोन, मेल्या!"

केला नाही. जेवणात लक्ष नाही, गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही. मी रोज त्याला बोलून घेत होते आणि मीही फोन करत नव्हते.

शेवटी तिचाच आला. आर्सेन्योने स्पीकर लावला.

"आर्सेन्यो, राजा, ते कुलूप उघडायचे आकडे सांग बरं. आज लिआनीचा वाढदिवस. बहिणीच्या घरचे सगळे जमलेत. त्यांनी तिला पाहिलेलंच नाही ना! अजून उघडलं नाही मी, आजच्यासाठी ठेवलं होतं."

मी त्याच्या हातून फोन ओढून घेतला आणि सांगितलं. दुसरी पट्टीही खराब होती. आम्हाला नंतर कळलं. गाठोडं फुटलेलं असू शकतं.

पलीकडे प्लेटांचा आवाज येत होता. मग ओनेलिया म्हणाली, "आकडे सांग."

मी सांगितले. तिने फोन ठेवला नाही, बाजूला टेकवला असावा. आधी कोंबड्या ओरडल्या आणि लगेच लिआनीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "आई, इकडे बघ! अगं, कपडे राहू देत, बघ ना!" लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वाचलो.

"पुढचा लाव," ओनेलिया बहिणीला म्हणाली.

काहीच वाजलं नाही.

"त्याच्या पुढचा."

पुन्हा नाही. खुर्च्या सरकल्या. बहीण हळूच म्हणाली, "ओने, पुरे आता."

"पुढचा लाव म्हटलं ना!"

आम्ही दोघं ऐकत राहिलो. किती वेळा तिने पुढचा म्हटलं ते मी मोजलं नाही. माणसं एकेक करून उठून जात असावीत, कारण आवाज कमी होत गेले. मग ती म्हणाली, "झालं? संपले सगळे?"

"संपले."

मग कोंबड्या ओरडल्या आणि पुन्हा लिआनी आईला हाका मारायला लागली. या वेळी ओनेलियाने तिला उत्तर दिलं.

"बघतेय गं," ती म्हणाली, "बघतेय."