माझे झाकलेले पान

मित्रांनो, मी जे. पी. नगरातल्या मराठी मंडळाची जुनी अभिप्रायवही आहे आणि मी वैतागलेली आहे. आज नव्हे, गेली चार वर्षे वैतागलेलीच आहे. पण कपाटात सतरंज्यांखाली दबल्यावर सांगणार कोणाला?

चिकपेटेतल्या एका बाइंडरने मला शिवले. त्याच्याकडे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही वह्या येत, म्हणून मला दोन्ही लिप्या वाचता येतात. लाल कापडी पुठ्ठा, कोरी करकरीत पाने आणि पेन बांधायला दोरी! मंडळात आले तेव्हा माझे केवढे कौतुक झाले. कार्यक्रम संपला, की दाराजवळच्या टेबलाशी रांग लागे. एका हातात बटाटेवडा आणि दुसऱ्या हातात पेन, ही आमच्या मंडळाची रीत. लोक लिहीत, 'छान', 'फारच छान', 'उत्तम, पण चटणी कमी पडली'. तेलाच्या डागांसकट मी ते मुकाट्याने सोसले.

मग १९९५ साली स्मिताताईंनी नाटक लिहिले. त्या इथेच वाढलेल्या, कन्नड शाळेत शिकलेल्या आणि एका संशोधन संस्थेत नोकरीला. नाटकाचे नाव 'लाल पेन्सिल'. एका गावात हुकूम निघतो, की प्रत्येक पत्र आधी कचेरीत दाखवायचे. तिथला कारकून नको त्या ओळी खोडून टाकतो. शेवटी एका बाईच्या हाती तुरुंगातल्या नवऱ्याचे पत्र येते. त्यात एकच ओळ उरलेली असते, 'मी खुशाल आहे.' ती तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आणि पडदा पडतो.

दुसरा प्रयोग करायचा की नाही, हे आमच्याकडे माझ्यातले अभिप्राय वाचून ठरत असे. त्या रविवारी दुपारी स्मिताताई खांबाला टेकून माझ्याकडे बघत होत्या. कोणी पेन उचलले, की त्या श्वास रोखून धरत. आणि लोकांनी काय लिहावे? 'माइक खरखरत होता.' 'सर्वांचे पाठांतर चोख.' 'नायिकेची साडी कुठून घेतली?' 'पुढच्या वेळी विनोदी ठेवा.' एका इंजिनियर काकांनी तर कमालच केली: 'आपण सारे सरकारी नोकरीत आहोत. कचेरीऐवजी खासगी कंपनी दाखवावी.' अहो, दीड तास तुम्ही समोर बसून बघत काय होतात? मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते.

सगळ्यात शेवटी गुरुराज आला. रंगमंचाच्या दिव्यांचा नेहमीचा माणूस आजारी होता, म्हणून हा त्या दिवसापुरता बदली आलेला. मराठी त्याला ऐकून कळत असे. तोवर स्मिताताई कलाकारांना निरोप द्यायला आत गेल्या होत्या. गुरुराजने हात पँटला पुसले आणि उभ्याउभ्या पानभर कन्नडात लिहिले:

'आणीबाणीत माझे वडील तुरुंगात होते. त्यांची पत्रेही अशीच ओळी खोडलेली यायची. उरलेली ओळ आई रोज देवापुढे वाचायची. आई आता नाही. आज मला ती रंगमंचावर दिसली. अक्का, हे नाटक पुन्हा करा. दिवे मी लावतो.'

खाली त्याने आपला पत्ता लिहिला आणि तो के. आर. पुरमची बस पकडायला गेला. मला इतका आनंद झाला, की शिवण उसवेल असे वाटले.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे सचिव मधुकरराव यांनी मला उघडले. ते पुण्याहून आलेले. त्यांचे कन्नड भाजीवाल्यापुरते. शेजारी त्यांच्या पत्नी अलकाताई होत्या.

"अगं, पानभर कन्नड! एवढं मोठं म्हणजे तक्रारच असणार."

"स्मिताला दाखवा ना. तिला वाचता येतं."

"नको, नको. तिला वाईट वाटेल. शिवाय हॉलवाले कन्नड आहेत, पुढच्या वर्षीही आपल्याला हॉल मिळायला हवा. उगाच वाद कशाला?"

मधुकररावांनी पांढरा कागद कापला, डिंक लावला आणि माझे पान झाकून टाकले. वर सुबक अक्षरात लिहिले, 'कार्यक्रम छान झाला.' मित्रांनो, हाच माणूस आदल्या दिवशी पहिल्या रांगेत बसून शेवटच्या प्रवेशाला डोळे पुसत होता! असल्या माणसाला काय म्हणावे, ते मला अजून सुचलेले नाही.

बैठकीत स्मिताताईंनी मला पहिल्या पानापासून वाचले. चिकटवलेल्या कागदावर त्यांचे बोट थांबले.

"इथं काय होतं?"

"काही नाही हो, स्वल्प शाई सांडली होती," मधुकरराव म्हणाले.

स्मिताताईंनी कागदावरून एकदा हात फिरवला. "एकानं जरी नाटकाबद्दल लिहिलं असतं ना, तर मी दुसरा प्रयोग केला असता. सरी, ठीक आहे, जाऊ दे."

त्या दिवसानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. आता कार्यक्रमाच्या दिवशी त्या खुर्च्या मांडतात आणि पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडतात. माझ्या जागी नवी वही आली आहे. तिच्यातही चटणीच आहे.

पण मित्रांनो, डिंक वाळला आहे आणि कागदाचा एक कोपरा सुटला आहे. गणपतीत सतरंज्या काढायला तुम्ही मुले कपाट उघडाल, तेव्हा मला बाजूला फेकू नका. ओल्या फडक्याने तो कागद हलकेच सोडवा. घाई करू नका, नाहीतर खालची शाई पुसट होईल. मोठ्यांपैकी कोणाची परवानगी मागू नका. ते बैठक बोलावतील. मला उचला आणि थेट स्मिताताईंच्या घरी न्या. त्यांना वाचता येते.