मावशी करणारे आप्पा

हर्षदनं मोबाइलवर लिहून आणलेलं वाचायला घेतलं. “आमचे आप्पा, हरिश्चंद्र गोमले. कष्टाळू शेतकरी, कुटुंबवत्सल, मितभाषी...” एवढं होतंय तोच मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. बाराव्याच्या दिवशी, बापाच्या फोटोसमोर!

तो थांबला. काय चुकलं ते त्याला कळेना.

“वाच, बाला, वाच,” बाबूकाका डोळे पुसत म्हणाले. हे आप्पांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांच्या शेतांना बांध एकच. “पण तो मितभाषी तेवढा काढ. तुज्या बापानं आमाला हसवून हसवून बेजार केलान. लावणीला त्याच्या शेजारी उभं राहायची सोय नव्हती, हातातली रोपं गळून पडायची.”

“आप्पा? हसवायचे?”

“मग! नमनातली मावशी होता तो.”

नमनाच्या खेळात गौळणींबरोबर एक फटकळ म्हातारी मावशी येते, आणि पुरुषच लुगडं नेसून ती करतो, हे हर्षदला ठाऊक होतं. पण ती आणि आप्पा? त्याला माहीत होते ते पहाटे बैलांचं जोत घेऊन शेतावर जाणारे, ताटावर मान खाली घालून जेवणारे आप्पा. सानिकाला, त्याच्या धाकट्या बहिणीला, कॉलेजच्या एसटीपर्यंत सोडायला ते रोज दोन मैल कातळ तुडवत जायचे. वाटेत चार शब्द बोलले तर शपथ. फोनवरही “जेवलास?” आणि “बरं, ठेव.”

तो उठून मागल्या पडवीत गेला. त्याची आई, येसूबाई, तिथे पत्रावळी गोळा करत होती.

“आई, आप्पा मावशी करायचे?”

“करायचे.”

“मग मला कसं माहीत नाही?”

येसूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “अरे, तूच नको सांगितलंस ना! तिसरीत होतास. पोरं शाळेत चिडवायची, मावशीचा पोर म्हणून. एकदा जेवताना म्हणालास, आप्पा, तुम्ही असं वेडंवाकडं बोलू नका, मला लाज वाटते. ते बरं म्हणाले. त्या दिवसापासून गावात मावशी केली नाही, आणि घरात गप्प झाले ते झालेच.”

हर्षदनं खूप आठवून पाहिलं. शाळेचं निळं दप्तर आठवलं, चिडवणाऱ्यांतले एक-दोन चेहरेही आठवल्यासारखे वाटले. ते वाक्य मात्र कुठेच सापडेना. “मी असं बोललो?” त्यानं दारात आलेल्या सानिकाला विचारलं, “तुला आठवतं?”

“दादा, मी तेव्हा पाळण्यात होते.”

राग येत होता, पण कुणाचा? त्या नऊ वर्षांच्या पोराचा? पोराचं बोलणं इतकं मनावर घेणाऱ्या बापाचा? की आजवर गप्प राहिलेल्या आईचा? तो मांडवात परतला. मोबाइल खिशातच राहिला.

“माझ्यामुळे त्यांनी मावशी सोडली म्हणे,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “मला काही आठवत नाही.”

“सोडलान कुठे?” बाबूकाका म्हणाले. “आपल्या गावात सोडलान. नदीपलीकडच्या वाड्यांत पुढे वीस वर्षं केलान. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलान आमाला. लुगडं तुजी आईच धुऊन, घडी घालून द्यायची.”

हर्षदनं वळून पाहिलं. येसूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते त्याला सांगता आलं नसतं.

सोमवारी तो लोट्याच्या कारखान्यात कामावर निघाला. कंपनीच्या बसमध्ये शेजारी विनीत बसला होता, नदीपलीकडच्याच गावचा. वडील गेल्याचं त्यानं विचारलं. हर्षद म्हणाला, “माझे वडील नमनात मावशी करायचे.”

ड्रायव्हरनं मागे वळून बघावं एवढ्या मोठ्यानं विनीत ओरडला. “गोमल्यांची मावशी? ते तुझे वडील? अरे, आम्ही शेंबडी पोरं पहिल्या रांगेत जागा धरायचो! ती पान लावायची नक्कल कशी करायचे रे? सगळी विसरलोय मी. सांग ना.”

हर्षदला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तो विनीतकडे वळून बसला.

“तूच सांग,” तो म्हणाला, “तुला जेवढं आठवतंय तेवढं.”