आवरून ठेवलेले फोटो

पुस्तक इतकं जाडजूड होतं की हात काढला की आपलं आपण मिटे. म्हणून धाकटीने उघड्या पानांवर कापड कापायची कात्री आडवी ठेवली होती आणि पात्याखालून डोकावत ती धडा वाचत होती.

दुकान दोघी बहिणींचं, शिवणकामाचं. मापं घेणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं थोरलीकडे, मशीन धाकटीकडे. दुकानाची वेबसाइट हवी यावर दोघींचं एकमत होतं, ती कुणी करायची यावर जुंपली होती; धाकटीला ती या पुस्तकावरून शिकून स्वतःच करायची होती. संध्याकाळी एक वेबसाइटवाला येणार होता. त्याने पाठवलेला नमुना धाकटीने पाहिला होता: कुठल्या कोण अनोळखी पोरी आणि भलत्यानेच शिवलेले कोट.

"आपल्या हातचं एक बटणसुद्धा नाही त्यात, ताई."

"नसू दे. दिसतंय तर झकास! तो यायच्या आत तुझं पान धड दिसलं, तर त्याला नको म्हणून सांगते. नाहीतर काम त्याचं. मग कुरकुरायचं नाही."

पुस्तकातला धडा फुलांच्या दुकानाचा होता. नवा बेत आधी जुन्या चादरीवर कापून बघावा, तसा धाकटीने तो फुलांसकट जसाच्या तसा केला. मग एकेक फूल उसवून तिथे आपल्या कपड्यांचे फोटो बसवले: तपकिरी कोट, शाळेचे गणवेश, घेरदार झगा. फोटोचा कोपरा माउसने धरून ओढला की शेजारचा मजकूर आपणहून सरकून जागा देई. हे तिने इतक्यांदा करून पाहिलं की थोरली म्हणाली, "अगं, विरेल तो झगा!"

दुपारी पान पुरं झालं. कुणाला काही दाखवायला बोलवायचं तर आधी टेबल आवरायचं, ही धाकटीची जुनी सवय. संगणकावर फोटोंचा पसारा पडला होता. तिने कोट कोटांच्या फोल्डरमध्ये, झगे झग्यांच्या फोल्डरमध्ये लावले आणि थोरलीला हाक मारली.

पान उघडलं. मजकूर जागच्या जागी. फोटो मात्र एकही नाही. नुसत्या रिकाम्या चौकटी.

"छान! कपडे न घालताच दुकान मांडलंस," थोरली म्हणाली. "त्याला लवकरच बोलावते."

धाकटीला नवलच वाटलं. पानाला तर तिने बोटही लावलं नव्हतं.

"थांब गं जरा. कोट कपाटात ठेवला म्हणून त्याची बटणं गळतात का?"

तिने तपकिरी कोटाचा फोटो पहिल्या जागी परत ठेवला आणि पान पुन्हा उघडलं. कोट हजर.

"अय्या! फोटो पानाला शिवलेलेच नाहीत, ताई. पानाला नुसतं ठाऊक असतं, कुठल्या कप्प्यातून काय काढायचं. मी कप्पेच बदलले!"

बाकीचे फोटोही जागेवर गेले. थोरली वाकून कोटाची कॉलर न्याहाळत राहिली. मग तिने फोन उचलला.

"हो, तुम्ही येऊ नका. आमच्या बहिणीने केलंय... हो, स्वतः." बोलता बोलता ती वळली आणि किंचाळली, "अगं, झगा कुठे गेला?"

"घाबरू नको, मीच घालवला," धाकटी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "फोटोचं नाव बदललं तरी पानाला तो सापडतो का, ते बघतेय."