फोनला बसलेला धसका

रविवारी दुपारी बाराला मांत्रिक नासारियो चुंगाच्या अंगणात छत्तीस फोन एकदम वाजले आणि अर्ध्या लोमा सेका गावाने गुडघे टेकले.

टेबलावर तलवारी, शंख, संताची मूर्ती, एक कवटी आणि त्यांच्यामधे ओळीने मांडलेले फोन. प्रत्येक फोनला एक वायर. सगळ्या वायरी टेबलाखालच्या ट्रकच्या बॅटरीकडे गेलेल्या आणि बॅटरीवर काळं फडकं. नासारियो त्या वायरींना नाळ म्हणायचा. आईच्या पोटात लेकराला नाळ भरवते, तशी धसका बसलेल्या फोनला ही नाळ आत्मा भरवते, असं सांगून तो तोंडातली उसाची दारू फोनांवर फवारायचा. त्या फवाऱ्याने आधीच्या रविवारी दोन फोन कायमचे गेले होते. ते मालकांच्या पापांमुळे गेले असं ठरलं.

आमचं गाव कोरड्या घळीच्या तोंडाशी आहे. वर डोंगरात पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाच चिखल-दगडांचा लोंढा येतो. त्याला आम्ही हुआइको म्हणतो. म्हणून वर पाऊस मोजायचं यंत्र बसवलं आणि त्याची घंटा आमच्या फोनांत आली. लोंढ्याच्या चाळीस मिनिटं आधी ती वाजते. दर रविवारी बाराला चाचणीची एक घंटा होते. चार वर्षं ती चुकली नाही. जानेवारीत फोनांनी आपली नवी प्रणाली आत घेऊ का म्हणून विचारलं, आम्ही हो म्हटलं, आणि तेव्हापासून घंटा मुकी झाली. गाणी चालू, भांडणं चालू, पुतण्यांचे फोटो चालू. फक्त घंटा बंद.

आमच्याकडे माणूस फार घाबरला की त्याचा आत्मा त्या जागी मागे राहतो, असं मानतात. मग अंगावरून जिवंत गिनीपिग फिरवायचा आणि तो फाडून आतड्यांत रोग बघायचा. नासारियोने गिनीपिग फोनांवरून फिरवला. यंत्राचे खिळे डोंगराला टोचले, डोंगर ओरडला, फोन घाबरले, असं आतड्यांत निघालं. कोणी हसलं नाही. मी हसले, तर शेजारणीने कोपर मारलं.

टेबलावर वाजलेला फोन तो काळ्या पिशवीत घालायचा, लाल लोकरीने बांधायचा, वर मेण ओतायचा. नऊ दिवस घरातल्या संतापुढे ठेवायचा, उघडायचा नाही, हात लावायचा नाही. वेळ आली की घंटा आतूनच वाजेल. कोणाची पिशवी पुढच्या रविवारी वाजली नाही, तर श्रद्धा कमी पडली, पुन्हा टेबलावर.

त्या रविवारी सेनोबिया तिसऱ्यांदा पिशवी घेऊन परतली. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याला मी हातात धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिचं घर घळीच्या अगदी ओठावर. नवरा कासिमिरो सहा वर्षं खाटेवर, कमरेखाली मेलेला, पण वजनाने बैल. त्याला वर चर्चपर्यंत न्यायला दोन माणसं आणि अर्धा तास लागायचा. म्हणजे त्याचा जीव त्या चाळीस मिनिटांवर टांगलेला. बाकी गाव वर आहे. त्यांना घंटा नसली तरी चालली असती.

मी अक्षरं शिकले एकसष्टाव्या वर्षी. अजूनही समोर काही लिहिलेलं दिसलं की ते संपेपर्यंत मला पुढे जाता येत नाही. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर एक बारीक ओळ होती. जानेवारीपासून अधूनमधून यायची आणि सगळे तिला बोटाने उडवून लावायचे. मी बोट ठेवून वाचली. ‘पडून राहिलेल्या फोनवर बॅटरी वाचवण्यासाठी काही अ‍ॅप्स झोपवली आहेत.’

मी ती ओळ घेऊन देल्मिरा बाईंकडे गेले. त्यांनीच मला अक्षरं शिकवली होती. त्यांनी फोनच्या आत शोधलं. घंटेच्या नावापुढे लिहिलं होतं ‘मर्यादित’. त्यांनी ते ‘मर्यादा नाही’ केलं. मग जिल्ह्याच्या कचेरीतल्या मुलीला विनवून बुधवारी चाचणीची एक जादा घंटा मागून घेतली. शाळेच्या बाकावर आम्ही तीन फोन ठेवले. एक बदललेला, एक तसाच, एक तसाच पण चार्जिंगला लावलेला. घंटा आली. पहिला वाजला. दुसरा मेल्यासारखा पडून. तिसरा वाजला.

बाई म्हणाल्या, "वायर लावलेला फोन बॅटरीची चिंता करत नाही, म्हणून कोणाला झोपवत नाही. ही त्याची नाळ."

मी तशीच सेनोबियाकडे गेले. पिशवी सोड, पाच मिनिटांचं काम आहे, म्हटलं.

"नऊ दिवस सांगितलेत. आज चौथा."

"अगं, त्याला वायरीतून काढून पिशवीत घातला की तो झोपतोच. घंटा मरावी म्हणून जे करायला हवं, नेमकं तेच करतेस तू."

"तुला काय जातंय बोलायला, कोमाद्रे. तुझा नवरा मेला. तुला कोणाला उचलायचं नाहीये."

खाटेवरून कासिमिरो म्हणाला, "मलाही लाल लोकर बांधा गं. बघू, उठतो का."

ती त्याच्यावरही ओरडली. मी पिशवी ओढून फोडायला हवी होती. परक्याच्या संताला हात लावू नये, म्हणून मी लावला नाही. हे मी इथे लिहून ठेवते.

शुक्रवारी साडेदहाला माझा खिसा वाजला. आकाश निळं होतं. मी धावले, म्हणजे माझे गुडघे जितके धावू देतात तितकी. तिच्या दारात पोचायला बारा मिनिटं गेली. ती मका भाजत होती.

"लोंढा येतोय. ऊठ, त्याला धर."

तिने संतापुढची पिशवी उचलून कानाला लावली. "माझा वाजला नाही."

"तुझा झोपलाय."

"माझा बरा झालाय. तुझ्यात त्या बाईने काय भरलंय कोण जाणे."

मका करपेपर्यंत ती पिशवीला कान लावून बसली. मी वर धावून दोन माणसं बोलावली. त्यांनी विचारलं, सेनोबियाचा वाजला का? नाही, म्हटलं. मग ते सावकाश निघाले, मी पुढे परत आले. ते वाटेत असतानाच घळ गुरगुरली. तेव्हा कुठे सेनोबिया उठली. आम्ही दोघींनी त्याला घोंगडीसकट दारापर्यंत ओढला. उंबऱ्यात घोंगडी अडकली. तो म्हणाला, "सोडा." ती सोडेना. मी तिला केसांना धरून ओढली.

शनिवारी कासिमिरो चिखलात सापडला. शवपेटी बंदच ठेवावी लागली. दुपारी नासारियो टोपी हातात घेऊन आला आणि पेटीशेजारी उभा राहून म्हणाला, श्रद्धेत कोणीतरी शंकेचा विंचू सोडला, फोनचा आत्मा दारातून परत गेला. असं म्हणताना माझ्याकडे बघितलं. माना डोलल्या. पिशवीतल्या फोनची बॅटरी सहा-सहा दिवस संपत नाही, हा चमत्कारसुद्धा कोणीतरी सांगितला.

देल्मिरा बाईंनी सेनोबियाकडे हात पसरला. पिशवी तिच्या गळ्यात होती. तिने दिली नाही. दातांनी लोकर तोडली, मेण कुरतडलं आणि फोन काढून त्याचं बटण दाबलं.

काच उजळली आणि घंटा वाजली. पूर्ण जोरात, पेटीवर. लोंढा येतोय, चाळीस मिनिटं, घर सोडा.

बाई सगळ्यांना म्हणाल्या, "निरोप काल साडेदहालाच आला होता. दाराशी उभा होता. फोन जागा झाला तेव्हा आत आला. ज्यांच्याकडे पिशव्या आहेत त्यांनी उघडा."

कोणी पळत घरी गेले, काहींच्या झोळीतच होत्या. एकेक उघडली तशी एकेक वाजली. पस्तीस घंटा, कालच्या. म्हातारे कान झाकून बसले.

मी नासारियोला विचारलं, काल पावणेअकरालाच तुम्ही कवटी, तलवारी, खेचर घेऊन टेकडीवर कसे होतात? तो म्हणाला, मला स्वप्न पडलं. सेनोबियाने त्याच्या शर्टाच्या खिशातून फोन काढून बाईंना दिला. बाईंनी फोनच्या आत शोधून मोठ्याने वाचलं. "घंटा. मर्यादा नाही."

त्याच्या फोनला लोकर नव्हती. शहरातल्या दुकानदाराने जानेवारीतच त्याला ती ओळ बदलून दिली होती, हे पुढे त्या दुकानदारानेच सांगितलं.

सेनोबियाने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तो डोंगराचा राग, आत्मा, नाळ असं बोलायला लागला.

"माहीत होतं?"

त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली. कोणी मारलं नाही त्याला. मारलं असतं तर दुसऱ्या गावात जाऊन त्याने जखमा दाखवून टेबल मांडलं असतं.

आता वाचणाऱ्यांना एवढंच. काही बंद पडलं तर आधी विचारा, काल काय बदललं. मग एक गोष्ट बदलून बघा, दुसरी तशीच ठेवा आणि दोन्हींत फरक पडतो का ते पाहा. उघडू नका, विचारू नका असं जो सांगेल, त्याच्या समोरच उघडा. आणि ओळ आली की ती पूर्ण वाचा. वाचता येत नसेल तर शिका, एकसष्टाव्या वर्षीही येतं. ती ओळ वाचायला मला अर्धं मिनिट लागलं होतं, आणि मी गावातली सगळ्यात सावकाश वाचणारी आहे.